सूनबाईचे सहाशे

शनिवार : अंबाजोगाई ते संभाजीनगर

पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठल्याही खिडकीपुढे उभी राहिले की आधी आत बसलेल्या माणसाचा चेहरा बघते, मग दरफलक. या पाच दिवसांत तशा बऱ्याच खिडक्या झाल्या.

निमित्त घरचंच. पुतण्या जपानमध्ये हिमेजी नावाच्या गावात नोकरीला आहे. चौदा महिन्यांपूर्वी तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि २०२५ च्या डिसेंबरात सूनबाई पहिल्यांदा सासरी आली. देवदर्शन, ओटीभरण, पुरणपोळ्या झाल्यावर लेण्या बघायच्या ठरल्या. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून लेकरांबरोबर जायचा मान मला. गाडी भाऊजींची, चालवायला गल्लीतला पोरगा.

निघताना सूनबाईनं इंग्रजीत विचारलं, आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे? योगेश्वरीचं दर्शन झालं होतं. मी हत्तीखान्याचं, म्हणजे गावातल्या लेण्याचं, नाव काढलं, तर पुतण्या म्हणाला, ‘‘ते काय, घरचंच आहे. आल्यावर बघू.’’

केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत खरवडून गेलेली रानं रस्त्याच्या कडेला अजून तशीच उघडी होती. शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा नदी एखाद्या गरीब गाईसारखी शांत. हिनंच तीन महिन्यांपूर्वी माणसांची झोप उडवली होती, हे पाहुणीला सांगूनही खरं वाटेना.

चारच्या सुमारास बिबी का मकबरा. फलकावर भारतीयांना २५ रुपये, परदेशी पर्यटकांना ३००. फोनवरून काढलं तर २० आणि २५०. खिडकीतल्या गृहस्थांनी सूनबाईकडे बघून विचारलं, ‘‘मॅडम कुठल्या?’’ पुतण्यानं तिला घरून एक वाक्य पढवलं होतं. तिनं ते न अडखळता म्हटलं, ‘‘मी अंबाजोगाईची सून.’’ मागच्या रांगेसकट सगळे हसले. गृहस्थही हसले आणि म्हणाले, ‘‘सून असल्या तरी तीनशेच बसतील, ताई.’’ बरोबरच आहे. खिडकीतल्या माणसानं नियम वाकवला की संध्याकाळी गल्ला जुळत नाही, हे मला वेगळं सांगायला नको.

पुतण्यानं मग कायदा सांगितला. भारतीयाशी लग्न होऊन, ते नोंदवून दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, या कार्डासाठी अर्ज करता येतो. ते कार्ड हातात आलं की राष्ट्रीय स्मारकांवर भारतीयांचाच दर. हे मी फोनवर जाऊबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे सून जुनी झाली की स्वस्त होते! आपल्यात निराळं काय असतं मग?’’

मकबऱ्याचं मला सगळ्यात काय आवडत असेल तर त्याचा हिशेब. बांधकामाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे लागले असं सांगतात. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्या कबरीवर एवढं मोठं काम उभं राहिलं आणि कुणीतरी ते सात आणेसुद्धा लिहून ठेवले! दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय या कारागिरांची नावंही आहेत. लोक आत शिरताच ‘‘ताजपेक्षा लहानच आहे’’ म्हणतात आणि दरवाजाकडे न बघता पुढे जातात. सूनबाई आग्र्याहूनच आली होती. तिथे तिला आवाराचे ११०० आणि मुख्य घुमटाचे २०० असे १३०० पडले होते. तिच्या हिशेबानं इथे हजार वाचले.

रात्री पोरांना मटणाचं नान-कलिया. मी वरण-भात.

रविवार : दौलताबाद, वेरूळ

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. हे ज्याला पाठ नाही त्याचा एक दिवस दरवाजावर जातो. म्हणून रविवारची गर्दी पत्करून वेरूळ.

वाटेत दौलताबादला चहाला थांबलो. किल्ला चढायचा नव्हता. बाहेरच्या तटाच्या आत आजही गाव नांदतं आहे. चहावाल्या काकांचं घर तिथेच, आज्यापासूनचं. बोलता बोलता ते म्हणाले, ‘‘भिंत पडली तरी आधी अर्ज, मग विटा.’’ हा नियम देशभर आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, डागडुजीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. २०१० च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला. नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो नसता तर किल्ल्यावरच्या मेंढा तोफेशेजारी एव्हाना तीन मजली लॉज उभा असता. काकांनीही तक्रार केली नाही. कप विसळत एवढंच म्हणाले, ‘‘राखायला आम्ही, अन् आत जायचं म्हणलं तर आम्हालाही पंचवीसच, मुंबईवाल्याला पन्‍ पंचवीसच.’’

मला वाटतं, हे वाक्य कानात घेऊन मी वेरूळला पोचले आणि म्हणूनच पुढचं सगळं तसं दिसलं.

वेरूळच्या खिडकीवर ४० आणि ६००. आमच्या गाडीवरच्या पोराला मी म्हटलं, चल आत. तो लाजला. पाहुणे घेऊन दहा-बारा वेळा इथे आलाय, पण दर वेळी पार्किंगमध्ये सीट मागे टाकून झोपलेला. आत पहिल्यांदाच. कैलासाच्या अंगणात त्यानं मान वर केली ती पाच मिनिटं खाली आणली नाही. मग एकच प्रश्न विचारला, ‘‘काकू, मलबा कुठं टाकला असंल हो?’’ राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली खोदत आणला हे गाईड सगळ्यांनाच सांगतात. ज्याच्या मामाचा खडी क्रशर आहे त्यालाच मलबा सुचतो.

दुपारी बाहेर पेरू घेतले. विकणाऱ्या बाई वेरूळच्याच. त्यांना विचारलं, तुम्ही जाता का लेण्यात?

‘‘मी कामून जाऊ? म्हायेरची माणसं आली की लेकरं हट्ट करत्यात. सहा माणसं म्हणलं की दोनशे चाळीस. पेरू किती इकावं लागत्यात तेवढ्याला?’’ मग म्हणाल्या, पूर्वी नुसत्या कैलासाला तिकीट होतं, बाकी लेण्यांत शेरडं घेऊन फिरायचो. शेरडं बंद केली ते बरंच झालं. पण शेरडांबरोबर बाईही बाहेर राहिली.

घृष्णेश्वराला रांग होती, तिकीट नव्हतं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा काढावा लागतो, तो पुतण्यानं काढला. पासपोर्ट कुणी मागितला नाही. अहिल्याबाईंनी बांधून घेतलेल्या देवळात जपानची सून आणि परभणीची म्हातारी एकाच खांबाला टेकून उभ्या होत्या.

रात्री खोलीवर मी वही काढली, तेव्हा सूनबाईनं तिच्या गावची गोष्ट सांगितली. हिमेजीला पांढरा, मोठा किल्ला आहे, १९९३ पासून जागतिक वारसा. आपली अजिंठा-वेरूळ त्या यादीत १९८३ ची, म्हणजे दहा वर्षं थोरली. किल्ल्याचं तिकीट फेब्रुवारी २०२६ पर्यंत सगळ्या मोठ्यांना १००० येन, आपले साधारण पावणेसहाशे रुपये. गर्दी वाढली, डागडुजीचा खर्च वाढला, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या महापौरांनी परदेशी पर्यटकांना जास्त दर लावायचा विचार बोलून दाखवला. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं ते वेगळंच. मार्च २०२६ पासून हिमेजी शहरात राहणाऱ्याला १०००, बाहेरच्या सगळ्यांना २५००. अठरा वर्षांखालच्या मुलांना फुकट.

मी दोनदा विचारून घेतलं. म्हणजे टोकियोचा जपानी?

२५००.

आणि आमचं हे पोरगं, निळा भारतीय पासपोर्ट खिशात घेऊन फिरणारं?

१०००. कारण तो हिमेजीत राहतो.

तिथे रेघ पासपोर्टवर नाही, पत्त्यावर आहे. पोस्टातल्या बाईला याचा आनंद न झाला तरच नवल. जन्मभर मी माणसं पत्त्यावरूनच ओळखली.

सोमवार : पितळखोरा

आज लांबचा पल्ला. कन्नडकडून गौताळ्याच्या जंगलात उतरायचं. इथे तिकीटखिडकी नाही, रांग नाही, रेंजही नाही. पायऱ्या उतरून ओढ्याशी आलो तर समोर वानरांची पंचायत बसलेली. माणसं आमच्याखेरीज तीन.

चौथ्या लेणीच्या जोत्यावर दगडी हत्तींची रांग आहे, दारावर दोन द्वारपाल. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं काम. दगड ठिसूळ, बरंच पडलं आहे. पण जे राहिलं आहे ते अजिंठ्याच्या गर्दीत दिसलं नसतं इतकं शांतपणे दिसतं. इथेच सापडलेला एक यक्ष, ठेंगणा, पोट सुटलेला, हसरा, त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे : कान्हदास सोनार. सोनारानं दगड का घडवला कोण जाणे! तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे कन्नडच्या माणसाला कन्नडचा यक्ष बघायचा तर हजार किलोमीटरवर जाऊन तिकीट काढायला हवं.

खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. पैठणच्या गांधिक कुळातला, म्हणजे अत्तराच्या धंद्यातला मितदेव, त्यानं खांब दिला. अजिंठ्याच्या दहाव्या लेणीच्या दर्शनी भागावरही असंच वासिष्ठीपुत्र कटहादीचं नाव आहे. मला हे फार आवडतं. तेव्हाही कुणीतरी पैसे मोजतच होतं, पण तो बघणारा नव्हता, याच मुलखातला व्यापारी होता. पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, हे भावनेनं ठीक आहे. छत गळायला लागलं की मितदेव येत नाही.’’ खरं आहे. इथे तिकीट नाही आणि पायऱ्याही धड नाहीत, हे दोन्ही एकाच डोळ्यानं दिसत होतं.

परतीच्या वाटेवर वाद रंगला. परदेशी माणसाकडून जास्त घेऊ नये असं मला बिलकूल वाटत नाही. ही स्मारकं आपल्या करावर चालतात, तो कर त्यानं भरलेला नाही, आणि लाखभराचं विमान तिकीट काढून आलेल्याला सहाशे जड नाहीत. सूनबाईलाही नव्हते. अंतर उलट कमी झालं आहे. २०१६ पूर्वी वेरूळला आपल्याला १० आणि त्यांना २५० होते, म्हणजे पंचवीस पट. मग ३० आणि ५००. २०१८ पासून ४० आणि ६००, पंधरा पट. पण या दोन उड्यांत आपले दहाचे चाळीस झाले, त्याबद्दल कुणी बोललं नाही. परदेश्यांचे किती वाढले यावरच सगळे बोलतात.

मला बोचतं ते वेगळं. या फलकावर दोनच माणसं आहेत, भारतीय आणि परदेशी. तिसरा माणूस नाहीच, तो म्हणजे शेजारी. त्याची भिंत अडते, त्याच्या रस्त्यावर रविवारी गाड्या उभ्या राहतात, त्याचा डोंगर कुंपणात गेला. तिकिटाचा पैसा भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, जमा होतो, वेरूळच्या ग्रामपंचायतीत नाही. तर निदान दार तरी त्याला मोकळं असावं.

पुतण्याचं म्हणणं, ‘‘फुकट केलं की उद्या सगळं संभाजीनगर वेरूळचं रहिवासी होईल. अन् खिडकीतल्या माणसानं ओळखायचं कसं?’’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आधार कार्डावर पिनकोड असतोच. माझा ४३१५१७. सहा आकडे वाचायला पाच सेकंद लागत नाहीत. आणि चेहऱ्यावरून माणूस ओळखण्यापेक्षा ते कधीही बरं. पुतण्याचा कॉलेजातला मित्र मणिपूरचा. एका शहरातल्या नामांकित स्मारकाबाहेर त्याला परदेशी समजून बाजूला काढलं होतं, आधार दाखवल्यावर सोडलं. बरोबरच्या बाकी पोरांना कुणी काही विचारलं नव्हतं. तो आत गेला खरा, पण बघितलं काय असेल?

मंगळवार : अजिंठा

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडायची आणि बसनं लेण्यांपर्यंत जायचं. धूर कमी व्हावा म्हणून ही सोय आहे आणि ती चांगली आहे. फक्त पार्किंग, फाट्यावरचे सोयीचे पैसे, बस, मग लेण्यांचं तिकीट अशी एकामागून एक पाकिटं उघडत जातात. चाळीस रुपयांची लेणी चाळीसला पडत नाही.

फलक वाचताना सूनबाई थबकली. ‘भारतीय, तसेच सार्क व बिमस्टेक देशांचे नागरिक’ यांना ४०. पुढेच थायलंडहून आलेल्या भाविकांचा जथा होता, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, पुढे भिख्खू. थायलंड बिमस्टेकमध्ये, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटात, येतं, म्हणून त्यांना ४०. जपान येत नाही, म्हणून ६००. नेपाळ, भूतान, श्रीलंका, म्यानमार सगळे चाळिसात. बुद्धाच्या दारी बौद्ध बायकांच्या दोन रांगा, आणि मधली रेघ परराष्ट्र खात्यानं आखलेली! सूनबाईनं हसत विचारलं, इथला रस्ता आणि विकास जपानच्या पैशातून झाला ना? तिनं कुठेतरी वाचलं होतं. खरंच आहे, अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पाला जपानचं अर्थसाहाय्य होतं. मी म्हटलं, ‘‘बाई, ते दान नव्हतं, कर्ज होतं. त्यावर सूट मागू नकोस.’’

पहिल्या लेणीत पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली. तिच्याकडच्या एका जुन्या देवळात अशीच चित्रं होती म्हणे, आगीत गेली. ती एवढंच बोलली, मीही विचारलं नाही.

बाहेर कट्ट्यावर शाळेची सहल बसली होती. डिसेंबर म्हणजे लाल एसटीचे दिवस, सहलीला निम्मं भाडं. सर हातात जन्मतारखांची यादी घेऊन बसलेले. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पण वर्ग दहावीचा. निम्म्यांची पंधरा पूर्ण झालेली, निम्म्यांची व्हायची. एकाच बाकावरची दोन पोरं, एक फुकट, एक चाळीस. सर म्हणाले, ‘‘शेवटी सगळ्यांकडून वीस-वीस घेतले, मॅडम. कुणाला वाटू नये.’’ हिमेजीत अठरापर्यंत फुकट, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा बिचाऱ्यांचा ताळेबंद नुकताच जुळला होता.

मी भाऊजींना फोन लावला. पासष्ट किलो वजनाचा, सदुसष्ट वर्षांचा हा माणूस, जन्म मराठवाड्यात, अजिंठा पाहिलेला नाही. सातवीत सहल निघाली होती. वर्गणी भरायला घरात पैसे नव्हते, म्हणून त्या दिवशी पोटात दुखतंय सांगून घरी राहिले. पुढे पैसे आले, मुलगा जपानला गेला, पण अजिंठा राहिलाच. ‘‘कसा आहे गं?’’ त्यांनी विचारलं. मागून पोरांचा गलका आणि शिट्ट्या. मी म्हटलं, ‘‘तुम्ही या, भाऊजी. डोली मिळते इथं.’’

‘‘डोलीचे किती घेतात?’’

खिडक्या आणि दरफलक, दुसरं काही सुचतच नाही आमच्या घराण्याला.

बुधवार : परत

दिवसभर प्रवास. सूनबाईला पाचोडजवळ झोप लागली ती बीडला उघडली. वही पूर्ण केली : मकबरा ३७५, वेरूळ ७२०, अजिंठा ७२०. तिकिटांचे एकूण १८१५. त्यातले १५०० तिचे एकटीचे, आम्हा तिघांचे मिळून ३१५. डिझेल, नाश्ता, लॉज वेगळे, ते लिहिले पण इथे सांगत नाही.

दिवेलागणीच्या आधी अंबाजोगाईत शिरलो आणि पुतण्याला आठवण राहिली. गाडी घरी न नेता हत्तीखान्याकडे वळवली. खडकात खोदलेलं अंगण, मध्ये दगडी हत्ती, कुणाची सोंड गेलेली, कुणाचे सुळे. आत अंधार. दार आहे, खिडकी नाही.

सूनबाई तिकीट कुठे मिळतं म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. पर्स हातात.

अंगणात चार पोरं क्रिकेट खेळत होती. एकानं चेंडू काखेत धरून आमच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘काकू, पाव्हण्यांना बॅटिंग द्यायची का? हत्तीला लागला की औट बरं का.’’

तिनं पर्स माझ्याकडे दिली.